विनताचा माठ

सातारा
१८ सप्टेंबर २०२३

ती. दादा,
साष्टांग नमस्कार.

कान गेल्यापासून तू फोनवर नुसतं "हो हो, ठीक आहे" म्हणतोस, आणि फोन ठेवल्यावर मला कळतं की माझं एक वाक्यही तुझ्यापर्यंत पोचलेलं नाही. म्हणून आपली जुनी सोय, पत्र.

तनयच्या लग्नाला तुम्ही दोघं आला नाहीत. वहिनीचे गुडघे दुखतात हे तू कळवलं होतंस. पण बोहल्यावर मुलाच्या मागे मामा नव्हता, आणि लोक विचारत होते. जाऊ दे. लग्न छान झालं. सून समिधा गुणाची आहे. बँकेत नोकरी करते, कमी बोलते, पण बोलते ते खरं.

आता कामाचं. येत्या संक्रांतीला समिधाची पहिली संक्रांत. काळी साडी सासूनं द्यायची असते. दुकानात हव्या तेवढ्या मिळतात, पण मला तिला आपल्या निळीच्या माठातली चंद्रकळा नेसवायची आहे. बाबा निळीत दहा-दहा वेळा बुडवून काढायचे तशी. घरात काळी दिसायची आणि उन्हात गेलं की आतून निळी उजळायची. माझ्या लग्नातली मी विरेपर्यंत नेसले. आजीची, आत्याची, माझी. आपले पूर्वज भोसल्यांच्या फौजेची पागोटी रंगवत जबलपूरला आले असं आजोबा सांगायचे. इथे साताऱ्यात मी ते सांगते तेव्हा लोकांना मी थापा मारतेय असं वाटतं. एकदा सुनेच्या अंगावर दाखवू दे.

कोरं सुती लुगडं पार्सलनं पाठवलं आहे. खळ काढून, उकळून ठेवलंय. तुला फक्त बुडवायचं आहे.

वहिनीला नमस्कार.
तुझी,
पूर्णिमा


चेरीताल, जबलपूर
९ ऑक्टोबर २०२३

चि. पूर्णिमा,
आशीर्वाद.

पत्र मिळालं, पार्सलही मिळालं. कापड अच्छा आहे. विनतानं हात लावल्याबरोबर म्हटलं, हे चंद्रकळेचं आहे. तिला सांगावं लागलं नाही.

पण यंदा पाऊस लांबला. अंगणात ओल आहे आणि माठ काही जोर धरून नाही राहिला. तुला तर माहीत आहे, जमिनीत पुरलेला माठ असला तरी त्याला ऊब लागते. निळीच्या वड्या पण आता दक्षिणेतून मागवाव्या लागतात, त्या पहिल्यासारख्या नाहीत. मी म्हणतो, या वर्षी बाजारातली घेऊन टाक. पुढच्या वर्षी पाहू. नवी सून आहे, तिला काय फरक कळणार.

विनता ठीक आहे. तनयचं लग्न झालं म्हटल्यावर हसली. म्हणे, एवढ्यात कसं झालं, अजून शाळेत तर जातो. तिची गंमत.

सर्वांना आशीर्वाद.
गुणवंत


सातारा
३० ऑक्टोबर २०२३

ती. दादा,
नमस्कार.

तुझं पत्र वाचून मी आठ दिवस काही लिहिलं नाही. राग उतरेल असं वाटलं होतं. उतरला नाही.

दसऱ्यानंतर ऊन असतं दादा. जबलपूरचा ऑक्टोबर मी विसरलेली नाही. आई वाळवणं घालायची. माठ या दिवसांत जोरात असायचा, वर तांब्यासारखी साय आणि मधे निळा फेस. तू मला पावसाचं कारण सांगून राहिलास? बघ, रागात माझी भाषा पण परत तिकडची झाली.

कारण पावसाचं नाही. कारण वहिनीचं आहे. तिला द्यायचं नाही.

आज लिहूनच टाकते. मी चौदा वर्षांची असताना मागच्या दारातून वास घेऊन सांगायची की आज माठाला गूळ कमी पडलाय. बाबा तपासायचे आणि ते खरं निघायचं. एकदा नाही, दहादा. मग एक दिवस त्यांनी दाराला आतून कडी घातली. म्हणाले, तू उद्या परक्या घरी जाणार, माठाची विद्या घेऊन जाशील. मी दाराबाहेर बसून रडले. त्यानंतर तीन वर्षांत तुझं लग्न झालं. उमरेडहून वीस वर्षांची वहिनी आली, जिला निळीचा 'नि'सुद्धा माहीत नव्हता, आणि पहिल्याच श्रावणात बाबांनी ढवळायची काठी तिच्या हातात दिली. मी समोर उभी होते. बाहेरून आलेली आतली झाली आणि मी घरात जन्मून बाहेरची.

आईच्या तेरवीला वहिनी मला म्हणाली होती, "ताई, या, बसा माठाशी, मी दाखवते." तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते मी. माझ्याच बापाचा माठ तिनं मला दाखवायचा? त्याच दिवशी मी गाडी पकडली. तेव्हापासून मी जबलपूरला आलेली नाही, हे तुमच्या लक्षात तरी आलं का?

एक लुगडं मागितलं होतं. हक्कानं नाही, मागितलं होतं. हे पत्र तिला वाचून दाखव. आणि कापड परत पाठव.

दिवाळीच्या शुभेच्छा.
पूर्णिमा


चेरीताल, जबलपूर
२० नोव्हेंबर २०२३

चि. पूर्णिमा,

तुझं पत्र खिशात घेऊन फिरलो. दिवाळी त्यातच गेली. विनताला वाचून नाही दाखवलं. तिला समजलं नसतं.

तिला विसरण्याचा आजार झाला आहे. अडीच वर्षं होतील. गुडघे चांगले आहेत तिचे, मी खोटं लिहिलं होतं. लग्नाच्या महिनाभर आधी ती बड्या फुहाऱ्याच्या बाजारात सूत घ्यायला गेली. चाळीस वर्षं ज्या दुकानात जाते तिथेच उभी राहून दुकानदाराला म्हणे, मला माझ्या घरचा रस्ता सांगा. तो दुकानदार आलोकच तिला स्कूटरवर बसवून घेऊन आला. मला बाजूला घेऊन कानात ओरडून म्हणे, "भैया, भाभीजी को अकेले मत भेजा करो." मांडवात सगळ्यांसमोर असं काही झालं असतं तर? म्हणून नाही आलो. आणि तुला का नाही सांगितलं, तर काय सांगू. लिहिलं की खरं होऊन जाते असं वाटत होतं.

माठ मेला पूर्णिमा.

भाद्रपदात मेला, त्याचं आंबणंच बंद झालं. सकाळी त्याला मूठभर चुना लागतो. तिनं घातला. थोड्या वेळानं पुन्हा घातला, घातल्याची आठवण नाही म्हणून. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मी तिथेच खाटेवर पेपर वाचत बसलेला असायचो. माझ्या डोळ्यांसमोर चुना पडून राहिला होता आणि मला काही कळलं नाही. वास बदलला तेही नाही कळलं.

तू म्हणशील, तुला कसं नाही कळलं, तू रंगारी ना. तेच आज लिहायचं आहे. मी रंगारी नाही. कधी नव्हतो. बाबांनी मला दोन वर्षं माठाशी बसवलं. माठ चाखून ओळखावा लागते, आणि माझ्या जिभेला काही समजतच नव्हतं, आंबट का तिखट का काय. तू दारातून सांगायची ते मला माठात हात घालून सांगता येत नव्हतं. त्यांना ते फार लागलं. मग त्यांनी तिला बसवलं. आणि घराबाहेर हे बोलायचं नाही असं ठरलं. मी सकाळी साताला कारखान्यात जायचो, संध्याकाळी यायचो. माठ कोण पाहत होतं? मी रविवारी कापड बुडवायचो, दोरीवर टाकायचो, आणि लोक म्हणायचे, नीलवाले भैया. भोपाळला शाल आणि मानपत्र मिळालं ते माझ्या नावानं. ती खाली खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होती. घरी आल्यावर मी म्हटलं, हे तुझं आहे. ती म्हणे, राहू द्या, वरच्या खिळ्याला टांगा, खाली पाणी लागेल.

तुला वाटते तिनं तुझं घेतलं. तिनं माझं झाकलं.

तुझं लुगडं आलं त्या दिवशी तिनं ते घेतलं आणि माठात बुडवलं. दिवसभर बुडवत होती, काढत होती, हवेत धरत होती. रंग चढेचना. कुठे राखाडी, कुठे फिकट निळं, जसे ढग. संध्याकाळी ते मांडीवर घेऊन बसली. मी बड्या फुहाऱ्यावर जाऊन एक काळी साडी आणली. आपल्या माठातली म्हणून तुला पाठवून देऊ, असं मनात होतं. कागदात बांधली पण होती. नाही झालं माझ्याच्यानं.

आता एक आणखी. ती अजूनही सवयीनं माठातलं बोटाला लावून जिभेवर ठेवते. इतक्या चुन्यानं तोंडात फोड आले. डॉक्टर म्हणे, घरात हे ठेवू नका. मी लाकडाचं झाकण टाकून कुलूप लावलं आहे. ती जवळ बसून कुलूप हलवत राहते. मला आवाज ऐकू येत नाही, पण दिसते.

तुझ्यावर राग नाही. तुझा राग बरोबर आहे, फक्त माणूस चुकलं.

गुणवंत


सातारा
२७ नोव्हेंबर २०२३

दादा,

मी येते आहे. नऊ डिसेंबरला सकाळी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस, वहिनीला एकटं सोडू नकोस.

माठ ओतू नकोस. मेलेला माठ बाबांनी एकदा उठवला होता, मला आठवतंय, तरोट्याचं, म्हणजे इकडच्या टाकळ्याचं, बी उकळून घातलं होतं. वहिनीला काहीतरी आठवत असेल. हाताला आठवत असेल. मला शिकू दे. आता शिकते. एकसष्ट म्हणजे काही फार नाही.

वहिनीला माझं काही सांगू नकोस, मीच सांगेन.

पूर्णिमा


सातारा
२० जानेवारी २०२४

ती. दादा,
साष्टांग नमस्कार.

परत येऊन महिना झाला आणि आज लिहायला बसले. तुझ्या घरी आठ दिवस राहिले, पण एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. समोर सांगायची तर ओरडून सांगावी लागली असती, आणि ती ओरडून सांगायची गोष्ट नाही.

तू औषधं आणायला सदर बाजारात गेला होतास ती दुपार. तुझ्या सदऱ्याच्या खिशातून मी किल्ली काढली होती. मी आणि वहिनीनं मिळून झाकण उचललं.

तिनं मला ओळखलं नव्हतं, हे तू पाहिलंच आहेस. आठही दिवस नाही. त्या दुपारी मी तिला कोणी कापड घेणारी वाटले. म्हणाली, "बैठिए दीदी, कौनसा रंग चाहिए?" मी मराठीत म्हटलं, मला शिकायचं आहे. तर एकदम मराठीत आली. म्हणाली, "शिकवते, पण तुम्हाला नंतर. आधी माझ्या नणंदेला शिकवायचं आहे."

मी म्हटलं, तुमची नणंद कोण?

"पूर्णिमाताई. त्यांचं नाक माझ्यापेक्षा चांगलं आहे. मामंजी मला म्हणायचे, तिला शिकवायला पाहिजे होतं, माझ्याकडून चूक झाली. ते गेले तेव्हा मी ठरवलं, ताई आल्या की त्यांना बसवायचं. एकदा म्हटलं पण त्यांना. मला नीट म्हणता नाही आलं. त्या रागानं गेल्या. मी वाट पाहून राहिली आहे."

दादा, बाबा असं म्हणाले होते. मला हे एकसष्टाव्या वर्षी कळलं, आणि जिनं सांगितलं तिला माहीत नव्हतं ती कोणाला सांगते आहे.

मी तिचा हात धरला. म्हटलं, वहिनी, मीच पूर्णिमा. मी आलेय. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे. मग मान हलवली. "नाही. त्या येत नाहीत." इतक्या मायेनं म्हणाली, जसं माझंच कोणी येत नाही आणि ती माझी समजूत काढते आहे.

त्यानंतर तिनं कोपरापर्यंत हात घातला. मी अडवायच्या आत बोट जिभेला लावलं. आणि मग तिचा चेहरा बदलला. ती अगदी पूर्वीची वहिनी झाली. म्हणाली, "हा मेला आहे." मी विचारलं, तरोटा घातला तर? "नाही. याला चुन्यानं आतून जाळलं आहे. हा नाही उठत." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "कोणी मारला हो याला?"

म्हटलं, मी. माझ्या हातून चुना जास्त पडला. मला येत नव्हतं.

तिनं हात माठावर झटकला. मग तिनं तिचा ओला हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "असू द्या. पहिल्यांदा होते असं. माझ्या हातून पण झालं असतं."

मी तिचं तोंड धुवून दिलं, झाकण टाकलं, कुलूप लावलं, किल्ली तुझ्या खिशात ठेवली. संध्याकाळी तू माझ्या डोळ्यांकडे पाहून विचारलंस, काय झालं, तेव्हा मी धूर लागला म्हटलं.

वहिनीनं रंगवलेलं ते ढगाळ लुगडं मी मागून आणलं होतं. संक्रांतीला समिधाला दिलं. सगळं सांगून दिलं. तिनं ते नेसलं. अर्धा तास बसली हळदीकुंकवाला. एका बाईनं विचारलं, धुताना डाग पडले का हो? समिधानं पदर सावरला. मग फोटोच्या वेळी आत जाऊन दुकानातली काळी, जरीची नेसून आली. मला म्हणाली, आई, रागावलात का? मी म्हटलं, नाही गं. आणि खरंच नाही रागावले. तिला त्या डागांत काय दिसणार? मला जे दिसतं ते मी तरी कुठे बारा वर्षं जाऊन पाहिलं?

माठ ओतून टाक, दादा. वहिनीनं सांगितलंय तो उठत नाही. तिच्यापेक्षा मोठं कोणी नाही या कामात.

तुझी,
पूर्णिमा


चेरीताल, जबलपूर
११ फेब्रुवारी २०२४

चि. पूर्णिमा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बाबा असं बोलले होते हे मलाही माहीत नव्हतं. तिनं मला पण सांगितलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून नसेल सांगितलं.

माठ ओतला. मागच्या रविवारी. शेजारचे तुळशीराम मदतीला आले. बादलीनं उपसून उपसून काढला. खाली गाळ होता, हातभर, शाईसारखा. आजोबांच्या वेळचा पण असेल त्यात. हा माठ कधी पूर्ण रिकामा केलाच नव्हता, नेहमी थोडा मागचा ठेवून त्यावर नवा लावायचा. तुळशीराम म्हणे, "भैया, थोडा रख लेते, निशानी." मी नाही म्हटलं. गल्लीतली नाली चेरीतालच्या वळणापर्यंत निळी झाली होती. लोक दारात येऊन पाहून राहिले होते.

विनता खुर्चीत बसून सगळं पाहत होती. मला भीती होती की ती रडेल, भांडेल. काहीच नाही. रिकामा झाल्यावर उठून आत डोकावली. मग पदरानं हात पुसले, कोरडेच होते, आणि खोलीत जाऊन एका पिशवीत दोन लुगडी भरून घेऊन आली. मला म्हणे, "इथलं काम झालं ना आता? मग मला घरी पोचवून द्या."

मी म्हटलं, हेच घर आहे. ती ओठ हलवून हळू बोलते, मला ओठांवरून समजते. म्हणे, "नाही, माझं घर उमरेडला आहे. इथे माझं फक्त काम होतं."

पंचेचाळीस वर्षं झाली पूर्णिमा. ती रागानं म्हणाली असती तर मी काही तरी बोललो असतो. ती रागानं नाही म्हणाली. ड्युटी संपल्यावर माणूस म्हणते तसं म्हणाली. कारखान्यातून मी असाच निघायचो.

आता रोजचं झालं आहे. पाच वाजले की पिशवी घेऊन दारात उभी राहते. पहिले दोन दिवस मी समजावलं, तर थरथरायला लागली. डॉक्टर म्हणे, वाद करू नका, तिच्यासोबत चला. तर मी सोबत निघतो. गल्लीतून वळणापर्यंत, तिथून मंदिराच्या मागून, मग दुसऱ्या बाजूनं आपल्याच गल्लीत. मी पिशवी धरतो. ती मला भैया म्हणते. रस्त्यात मला उमरेडच्या गोष्टी सांगते. तिच्या आईच्या, विहिरीच्या, एका काळ्या गाईच्या. इतक्या वर्षांत मी हे कधी ऐकलं नव्हतं. विचारलंच नव्हतं. आणि आता ऐकायला कान नाहीत, तर तिच्या तोंडाकडे पाहत चालतो. दोनदा ठेच लागून पडता पडता वाचलो.

मी तिला एकदा विचारलं, उमरेडला गेल्यावर काय करणार? म्हणे, झोपणार. तिथे सकाळी उठून कोणाला काही घालावं लागत नाही.

दारापाशी आलो की तिला ते उमरेडचं घर वाटते. चेहरा असा उजळते की काय सांगू. माझ्या हातातून पिशवी घेते. म्हणते, "भैया, बहुत मेहरबानी. तुम्ही चांगले आहात. आता जा, तुमच्या घरचे वाट पाहत असतील." आणि दार लावून घेते.

मी थोडा वेळ बाहेर थांबतो. ती आत गेली, बसली, असं वाटलं की मग मागच्या दारानं आत जातो.

गुणवंत